स्मार्टवॉच खरंच लागतं का? (सहा महिने वापरल्यानंतर)

उंबरठा | सोमवार, रात्री १०:१२

सहा महिन्यांपूर्वी लेकीने तिचं जुनं स्मार्टवॉच माझ्या हाताला बांधलं. तिने नवं घेतलं होतं, हे पडून राहिलं असतं. मी मनात म्हटलं, भिंतीवर घड्याळ आहे, फोनवर आहे, आता हे आणखी एक कशाला? आठवडाभरात कपाटात जाणार याची मला खात्री होती.

गेलं नाही. का गेलं नाही ते सांगते, कारण जाहिरातीत दाखवतात त्यातलं एकही कारण माझं नाही. मी डोंगर चढत नाही, पोहत नाही, पहाटे धावत तर मुळीच नाही.

घरी सासूबाई आहेत, वय ८१. चालतात, पण आधार लागतो. त्यांना बाथरूमपर्यंत नेताना माझा एक हात त्यांच्या काखेत आणि दुसरा त्यांच्या हातात असतो. नेमका तेव्हाच आतल्या खोलीत फोन वाजतो. पूर्वी माझा अर्धा जीव फोनकडे जायचा. सासूबाईंना ते लगेच कळायचं, माझी पकड सैल व्हायची म्हणे. "जा, तुझा फोन बघ, मी उभी राहते भिंतीला धरून," म्हणायच्या. आणि मी एकदोनदा गेलेही आहे, लाज वाटते सांगायला. आता मनगटावर थरथर होते, मान किंचित वाकवली की नाव दिसतं. मुलीचा फोन असेल तर एक हात सोडवायचा विचार करता येतो. बाकी सगळे थांबू शकतात, आणि थांबतात.

सहा महिन्यांत रोज वापरलं ते एवढंच: ही थरथर, गोळ्यांच्या वेळेचा गजर आणि हरवलेल्या फोनला ओरडायला लावणं (दिवसातून तीनदा). ताण मोजणं, श्वासाचे व्यायाम, पडद्यावरची फुलपाखरं हे सगळं एकदा बघितलं आणि सोडून दिलं.

तर प्रश्न दोन. तुम्ही रोज नक्की काय वापरता? आणि सासूबाईंच्या हातात 'पडल्यावर कळवणारं' घड्याळ बांधावं का? कोणी घरात वापरलंय का?

धापाधाप | सोमवार, रात्री १०:४०

मी पहाटे धावणाऱ्यांपैकी. त्यामुळे जाहिरातीतला माणूस मीच, फक्त पोट जरा जास्त आहे.

मला ते धावण्यासाठी हवंच. किती अंतर झालं, किती वेळात झालं हे बघायला धावताना फोन काढणं म्हणजे फोन पाडणं. पण एक फटफजिती सांगतो. पहिले दोन महिने माझे ठोके धावताना १७५ च्या आसपास दिसायचे. मी घाबरून वेग कमी करायचो, तरी आकडा तिथेच. शेवटी मित्राचा छातीवरचा पट्टा बांधून धावलो. पट्टा म्हणतोय १४८, घड्याळ म्हणतंय १७४. आणि मिनिटाला पावलं किती पडत होती? १७४!

सर्किटराव | सोमवार, रात्री ११:०५

@धापाधाप, तुमचं घड्याळ तुमची पावलं मोजत होतं आणि त्याला हृदय म्हणत होतं. हे नेहमीचं आहे. कारण नीट सांगतो, मग पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतील.

घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकतात ते सगळ्यांनी बघितले असतील. हिरवेच का? रक्त लाल दिसतं कारण ते लाल प्रकाश परत फेकतं आणि हिरवा गिळतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित जास्त भरतं, हिरवा प्रकाश किंचित जास्त गिळला जातो आणि दिव्याशेजारच्या संवेदकाकडे किंचित कमी परत येतो. दोन ठोक्यांच्या मधे रक्त ओसरतं, प्रकाश वाढतो. ही चढउतार मोजली की झाले ठोके. घड्याळाला हृदयाचा आवाज ऐकू येत नाही की वीज कळत नाही, त्याला फक्त प्रकाशाची भरतीओहोटी दिसते.

आता हात हलला की घड्याळ कातडीवर सरकतं, बाहेरचा उजेड आत शिरतो, रक्तही हेलकावतं. धावताना हा हेलकावा अगदी तालात असतो, आणि ठोक्यांमुळे होणाऱ्या बदलापेक्षा कितीतरी मोठा. आतला हिशेब कधीकधी मोठ्या तालालाच धरून बसतो. उपाय साधा: पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवा आणि धावण्यापुरता घट्ट करा, नंतर सैल. थंडीत तरीही गडबड होते, कारण हाताकडचा रक्तपुरवठाच कमी होतो. गडद गोंदणावरही हमखास चुकतं, शाई प्रकाश अडवते.

अवांतर: घड्याळ काढून उशीला बांधून बघा. काही घड्याळं उशीचेही ठोके दाखवतात.

चावीवाला | सोमवार, रात्री ११:३१

सर्किटरावांचा प्रतिसाद वाचून नातीचं घड्याळ उशीला बांधलं. ७८.

उशीची प्रकृती माझ्यापेक्षा बरी आहे.

नाडीपरीक्षा | मंगळवार, सकाळी ७:२०

@चावीवाला, उशीला मीठ कमी खायला सांगा :)

मी डॉक्टर आहे. माझ्याकडे हल्ली लोक कागदांऐवजी मनगट पुढे करतात, म्हणून चार गोष्टी लिहितो.

बसल्याजागी मोजलेले ठोके बऱ्यापैकी खरे असतात. माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे अनियमित ठोक्यांची सूचना. एट्रियल फिब्रिलेशन नावाचा प्रकार असतो. हृदयाचे वरचे कप्पे तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. त्रासदायक भाग असा की हा प्रकार येतो-जातो आणि पुष्कळांना काहीच जाणवत नाही. दवाखान्यात काढलेल्या दहा सेकंदांच्या ईसीजीत तो सापडेलच असं नाही. चोवीस तास हातावर असणारी वस्तू इथे कामाला येते.

यावर स्टॅनफर्ड विद्यापीठाचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४,१९,२९७ लोक होते. सूचना आली ती फक्त ०.५२ टक्के लोकांना. म्हणजे उठसूट भोंगा वाजत नाही, हे चांगलं. सूचना आलेल्यांना छातीवर चिकटवायची ईसीजी पट्टी पाठवली. ज्यांनी ती वापरून परत केली त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हा विकार सापडला. कमी वाटतं ना? पण पट्टी लागली तेव्हा तो 'गेलेला' असू शकतो. पट्टी अंगावर असतानाच घड्याळाने पुन्हा सूचना दिली, त्यातल्या ८४ टक्के वेळा पट्टीवरही तेच दिसलं.

आता ईसीजीचं. २०१८ नंतर काही घड्याळांत तो आला. एका हाताला घड्याळ, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर, अर्धा मिनिट स्थिर बसायचं. इथे मात्र हृदयाची वीजच मोजली जाते, प्रकाश नाही. पण ही एकाच कोनातून काढलेली नोंद आहे, दवाखान्यात बारा कोनांतून बघतात. या ईसीजीवरून हार्ट अटॅक कळत नाही. हे मुद्दाम ठासून सांगतोय. छातीत दुखतंय आणि घड्याळ 'ठीक' म्हणतंय म्हणून घरी बसून राहिलेला माणूस मी पाहिला आहे. सुदैवाने वाचला.

रक्तदाब दाखवणारी घड्याळंही आहेत. त्यातली काही दर चार आठवड्यांनी दंडाला पट्टा बांधणाऱ्या खऱ्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात. ते न करता नुसता आकडा देणाऱ्या घड्याळावर विसंबून गोळ्या बदलू नका. आणि सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ कोणी विकत असेल तर घेऊच नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. चुकीच्या साखरेवर इन्सुलिन घेतलं तर जीव जातो, इतकं सरळ आहे. दंडाला चिकटवलेल्या संवेदकाचा आकडा घड्याळ नुसतं *दाखवत* असेल तर ती गोष्ट वेगळी. तिथे मोजतो तो संवेदक.

गोधडी | मंगळवार, सकाळी ९:०२

नाडीपरीक्षा, झोपेबद्दल लिहा ना. माझं घड्याळ मला रोज सकाळी नापास करतं.

गंमत म्हणून सांगत नाही. परवा उठले, छान वाटत होतं, पक्षी वगैरे ऐकले. मग मनगटाकडे बघितलं. झोपेला १०० पैकी ५४ गुण. 'गाढ झोप २६ मिनिटे'. आणि खरंच सांगते, त्या क्षणी माझे डोळे जड झाले. दिवसभर चिडचिड केली. रात्री आता चांगली झोप लागलीच पाहिजे म्हणून साडेनऊला आडवी झाले आणि तीनला जागी. तीनला उठून काय केलं? घड्याळात बघितलं, किती झोप झाली ते.

नाडीपरीक्षा | मंगळवार, दुपारी १:४५

@गोधडी, तुमच्या या त्रासाला नावही आहे. ऑर्थोसोम्निया. २०१७ मध्ये झोपेच्या तज्ज्ञांनी तुमच्यासारख्याच रुग्णांबद्दल लिहिताना तो शब्द काढला: झोपेचे आकडे सुधारण्याच्या नादात झोप घालवून बसलेली माणसं.

झोपेचे टप्पे खरे मोजायचे तर डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी बघाव्या लागतात. मनगटाला मेंदू दिसत नाही. हात किती हलला आणि ठोके कसे बदलले यावरून ते अंदाज बांधतं. कधी झोपलात, कधी उठलात हे साधारण बरोबर येतं. शांत पडून जागं राहिलात तर तीही झोपच धरली जाते. 'गाढ झोप २६ मिनिटे' यातल्या २६ ला फारसा अर्थ नाही. ताजंतवानं वाटत होतं ना? मग झोप झाली होती.

महिनाभर रात्री काढून ठेवा.

गोधडी | मंगळवार, दुपारी १:५१

आणि तीनला जाग आली की वेळ कशात बघू?

चावीवाला | मंगळवार, दुपारी २:१०

बघू नका. तीनच वाजलेले असतात.

अबोली२ | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

इथे बहुतेक सगळे 'असलं तर बरं' या भावनेने लिहीत आहेत. माझ्यासाठी ते तसं नाही, म्हणून लिहिते.

मला लहानपणापासून ऐकू येत नाही. यंत्र लावलं की थोडं येतं, पण रात्री यंत्र काढून ठेवते. कॉलेजात असताना पहाटेची परीक्षा असली की रात्रभर झोपायचे नाही, कारण गजर ऐकू येणार नाही. नोकरीच्या गावी एकटी राहायला लागल्यावर उशीखाली फोन थरथरत ठेवायचे. तो घसरून पलंगाखाली जायचा, आणि मी उशिरा जागी व्हायचे. मनगटावरची थरथर घसरत नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा मी 'उठेन ना?' ही धास्ती न बाळगता झोपले.

दुसरं म्हणजे, फोन आजूबाजूचे ठरावीक आवाज ओळखतो. दारावरची घंटा, धुराचा भोंगा, बाळाचं रडणं. ओळखला की घड्याळाला कळवतो आणि मनगट हलतं. फोन स्वतः टेबलावर थरथरून मला काय उपयोग, मी स्वयंपाकघरात असेन तर? बाळ झाल्यावर आम्ही हे रात्री चालू ठेवलं. चुकतं कधीकधी, मांजरीला बाळ समजतं. नवरा ऐकू येणारा आहे, पण तो झोपला की भोंग्यानेही उठत नाही, त्यामुळे उठते मीच.

ठोके, पावलं, झोप यातलं मी काहीच बघत नाही. ती माहिती बंद करून ठेवली आहे, बॅटरीही जास्त टिकते.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:१५

अबोली, हा प्रतिसाद वाचून 'थरथर' हा शब्द मी किती सहज वापरला होता ते जाणवलं. मांजर आणि बाळ दोघांना आशीर्वाद.

पावलांवरून आठवलं, माझी तक्रार राहिलीच होती. लांब जायचं असेल तेव्हा सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतून नेते. तासभर ढकलत चालते, चढ असला तर घामाघूम. घरी येऊन बघते तर त्या तासाची जेमतेम दोनशे पावलं! आणि सोफ्यावर टेकले की घड्याळ म्हणतं, 'उठा, जरा चाला.' त्या दिवशी ते खिडकीतून बाहेर जाता जाता राहिलं.

सर्किटराव | मंगळवार, रात्री ९:५०

बिचाऱ्याला खरंच माहीत नाही. घड्याळाला पाय दिसत नाहीत. आतला हालचाल टिपणारा संवेदक हाताचा झोका मोजतो. खुर्चीच्या दांड्यावर हात घट्ट धरले की झोका संपला. सामानाची ट्रॉली, बाबागाडी, सगळीकडे हेच. खुर्ची ढकलताना घड्याळ काढून विजारीच्या खिशात टाका किंवा घोट्याला बांधा, पावलं बहुधा बरोबर येतील. (उलट हात हलवत गप्पा मारणाऱ्याला बसल्याजागी पावलं मिळतात.) खुर्चीत बसून स्वतः चाकं फिरवणाऱ्यांसाठी मात्र ॲपलने २०१६ मध्ये हातांचे रेटे मोजायची सोय दिली होती, तिथे घड्याळ 'उठा' म्हणत नाही.

आणि १०,००० पावलांचं ओझं घेऊ नका कोणी. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. गोल आकडा, लक्षात राहतो, झालं. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच खाली होतं, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फरक पडलेला दिसला नाही.

कॅलरीच्या आकड्याकडे तर बघूच नका. २०१७ च्या स्टॅनफर्डच्या एका चाचणीत सात उपकरणं तपासली होती. सातपैकी सहा उपकरणं ठोक्यांत ५ टक्क्यांच्या आत चुकली. कॅलरीत मात्र त्यातल्या त्यात चांगलं उपकरण सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के.

धापाधाप | मंगळवार, रात्री १०:०२

म्हणजे घड्याळाने ६०० जाळल्या म्हणून मी जे खात होतो…

पोटाचा उलगडा झाला.

कुंपण | बुधवार, सकाळी ८:१०

सगळे कौतुकात रंगलेत म्हणून विघ्न आणतो. तुमचे ठोके, झोप, पाळी, रोजचा रस्ता, हे सगळं कोणाच्या तरी संगणकात जातंय. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या ॲपने जगभरातल्या धावण्याच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला होता. निर्मनुष्य वाळवंटात उजळलेले ठिपके दिसले. ते लष्करी तळ होते, तिथले सैनिक व्यायामाला धावत होते. सैन्याला जे लक्षात आलं नाही ते तुमच्याआमच्या लक्षात येईल का?

@धापाधाप, तुम्ही रोज धावायला कुठून सुरुवात करता आणि कुठे संपवता? तुमच्या दारातून ना? मग तुमचं दार नकाशावर आहे.

धापाधाप | बुधवार, सकाळी ८:२२

आत्ता सेटिंग बघितली. 'सर्वांना दिसेल' वर होतं. बंद केलं. घराभोवतीचा टप्पा लपवायचीही सोय आहे, तीही चालू केली. धन्यवाद, भीतीबद्दलही.

चावीवाला | बुधवार, दुपारी १२:१५

आता मूळ विषयावर माझं म्हणणं. मी घड्याळवेडा आहे, चावीच्या घड्याळांचा. माझ्या वडिलांचं घड्याळ आजही चालतं, दिवसाला पाऊण मिनिट पुढे जातं, मी रोज मागे आणतो. तुमच्या मनगटावरचं यंत्र चार-पाच वर्षांत बॅटरी थकून किंवा कंपनीने सॉफ्टवेअर देणं थांबवल्यामुळे संपणार. पेबल या स्मार्टवॉच कंपनीचं काय झालं बघा. २०१२ मध्ये लोकांनी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर एक कोटी डॉलरच्या वर वर्गणी दिली, ॲपल वॉच यायला अजून तीन वर्षं होती. २०१६ च्या शेवटी कंपनी बंद! चांगली धडधाकट घड्याळं पोरकी झाली. शेवटी वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन ती चालू ठेवली, त्यांना मानलं पाहिजे.

तरी उंबरठाताईंचं पहिलं पान वाचलं आणि मला गप्प बसवेना. कारण मनगटी घड्याळ मुळात आलं तेच असं. शंभरेक वर्षांपूर्वी पुरुष खिशात घड्याळ ठेवायचे, मनगटावरचं म्हणजे बायकांचा दागिना समजायचे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाच्या हातात बंदूक, ठरल्या मिनिटाला हल्ला, खिशातून साखळी ओढून घड्याळ काढणार कधी? ते मनगटावर आलं आणि युद्ध संपल्यावर तिथेच राहिलं. आता खिशातल्या फोनचं तेच चाललंय. हात अडकलेला असतो तेव्हा ती वस्तू मनगटावर येते. ज्याचे हात रिकामे आहेत त्याला ती मिरवायला.

आणखी एक. १९७२ साली हॅमिल्टनचं पल्सार आलं, पहिलं आकडेवालं इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळ. लाल दिवे इतकी वीज खायचे की आकडे सतत लावून ठेवणं परवडेना, वेळ बघायला बटण दाबावं लागायचं. म्हणजे एका हातातलं घड्याळ बघायला दुसरा हात! आज तुम्ही मनगट वळवता, तेव्हा पडदा उजळतो. पन्नास वर्षांची प्रगती म्हणजे एक हात सुटला.

सर्किटराव | बुधवार, दुपारी १२:४०

चावीवाले काका, टाळ्या. (दोन्ही हातांनी.)

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५५

उंबरठाताई, तुमचा दुसरा प्रश्न सगळे विसरले. माझ्या वडिलांना आम्ही तीन वर्षांपासून पडल्यावर कळवणारं घड्याळ लावतो, म्हणून अनुभवाचं लिहितो.

तीन वर्षांत ते तीनदा पडले. पहिल्यांदा अंगणात आदळले, घड्याळ लगेच थरथरलं, ते हलेनात तेव्हा मिनिटभर वाट बघून भोंगा वाजवला आणि मला फोन आला. मी बारा मिनिटांत पोचलो. त्या दिवशी ते घड्याळ देवासारखं वाटलं.

दुसऱ्यांदा खुर्चीतून हळूहळू घसरून जमिनीवर बसले. धक्काच बसला नाही, त्यामुळे घड्याळाला पत्ता नाही. हे लक्षात ठेवा, ते आदळणं ओळखतं, घसरणं बहुधा नाही.

तिसऱ्यांदा बाथरूममध्ये पडले. घड्याळ बाहेर चार्जिंगला होतं. 'अंघोळीला जाताना काढून चार्जिंगला लावा' असं *मीच* शिकवलं होतं, सोयीचं म्हणून. वयस्कर माणूस पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुठे, तर ओल्या फरशीवर, आणि नेमकं तिथेच मी ते काढायला लावत होतो. आता वेळ बदलली. संध्याकाळी टीव्हीसमोर आरामखुर्चीत बसतात, तेव्हा तासभर चार्जिंग. अंघोळीला घड्याळ हातातच.

सर्किटराव | गुरुवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी, अत्यंत महत्त्वाचं लिहिलंत. पुरवणी जोडतो: घड्याळावर '५ एटीएम' लिहिलंय का बघा. त्याचा अर्थ ५० मीटर पाण्याच्या स्थिर दाबाला टिकतं, ५० मीटर खोल बुडी मारा असा नाही. अंघोळीच्या पाण्याने काही होत नाही, पण साबण आणि वाफ यांनी आतलं रबरी सील हळूहळू खराब होतं. साध्या पाण्याने धुवा आणि वर्षादोनवर्षांनी भरवसा थोडा कमी करा. तरीही बाथरूममध्ये हातात असलेलं बरं. घड्याळ नवं आणता येतं.

आणि खात्री करून घ्या: साधं घड्याळ ब्लूटूथवर चालतं, फोन जवळ नसेल तर कुणालाच कळवू शकत नाही. आजी बागेत, फोन घरात, मधे दोन भिंती, की संपलं. स्वतःचं सिम असलेलं घ्या किंवा फोन नेहमी जवळ राहील असं बघा.

नाडीपरीक्षा | गुरुवार, सकाळी ७:३०

सासूबाईंना पेसमेकर आहे का? असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. घड्याळात आणि चार्जरमध्ये लोहचुंबक असतात, छातीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायला सांगतात. घड्याळ घातलेला हात छातीवर ठेवून झोपायची सवय असते पुष्कळांना.

उंबरठा | दोन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:०५

धागा वर काढते, कारण हिशेब द्यायचा राहिला.

पेसमेकर नाही. सिमवालं घड्याळ आणलं. सासूबाईंनी पहिले दोन दिवस हात लावला नाही, "मला कैद्यासारखं बांधू नका" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी कळलं की घड्याळाशी बोललं की ते वेळ बोलून सांगतं. त्यांचा मोतीबिंदू पिकलाय, भिंतीवरचं घड्याळ कित्येक महिन्यांपासून दिसत नव्हतं. आम्हाला सांगितलंच नव्हतं त्यांनी. वेळ विचारून आम्हाला त्रास नको म्हणून अंदाजाने चालवत होत्या. आता दर पंधरा मिनिटांनी विचारतात, आणि उत्तर आलं की मान हलवतात, जणू तपासून बघत होत्या.

पट्टा सुरुवातीला घट्ट बांधला होता, खाली लाल चट्टा उठला. दिवसातून दोनदा काढून हात आणि पट्टा कोरडा करतो, रबरी पट्टा बदलून कापडी लावला, चट्टा गेला.

आणि काल पहिला भोंगा वाजला. मी बाहेर होते. फोनवर सूचना, 'पडल्याची शक्यता'. माझे पाय लटपटले. धावत घरी आले तर सासूबाई पलंगावर ताठ बसलेल्या, घड्याळाला दम देत होत्या: "पडले कुठे मी? डास मारला!"

चावीवाला | रविवार, सकाळी ११:२०

मेला का?

उंबरठा | रविवार, सकाळी ११:२४

नाही. संध्याकाळी पुन्हा भोंगा.